घरगुती चर्चा : मानसशास्त्रज्ञाकडे प्रथम जातांना

गेल्या कांहीं महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांची चळत चाळतां एक गोष्ट सहज नजरेस येते. पूर्वीं येणारीं पत्रें बहुधा मुलांचें शिक्षण, वडिलार्जित वाड्याची वांटणी, परदेशीं स्थायिक झालेल्या मुलांचे दुर्मिळ होत चाललेले फोन, वृद्धांचें पथ्यपाणी अशा विषयांवर असत. हल्लीं मात्र 'आमच्या घरांतील अमक्या माणसास मानसशास्त्रज्ञाकडे न्यावें काय, आणि न्यावयाचें तर तेथें नेमकें होतें तरी काय ?' असें विचारणारीं पत्रें वरचेवर येऊं लागलीं आहेत. या पत्रांखालीं सही बहुधा नसते. 'एक आई', 'एक वाचक', 'नांव छापूं नये ही विनंति', असाच शेवट असावयाचा. रक्तदाबाविषयीं लिहिणारे गृहस्थ आपलें नांव, हुद्दा आणि निवृत्तीचें सालसुद्धां आवर्जून लिहितात. मनाविषयीं लिहितांना त्याच गृहस्थांची लेखणी पाकिटावर स्वतःचा पत्ता घालण्यासहि कचरते.

तीन पत्रांचा सारांश येथें देतों; ओळख पटेल असें सर्व कांहीं अर्थातच गाळलें आहे. एक सासूबाई लिहितात कीं, सुनेचें दुसरें बाळंतपण होऊन अडीच महिने झाले, बाळ गुटगुटीत आहे, घरांत कशाची वाण नाहीं. तरी ती दिवसभर भिंतीकडे पाहत बसते, बाळ निजलें असतांहि तिला झोंप येत नाहीं, आणि कोणी बोलावयास गेल्यास 'मी वाईट आई आहें' एवढेंच म्हणते. मुलगा तिला मानसशास्त्रज्ञाकडे नेतों म्हणतो. पण घरांत चार वडील माणसें असतां बाहेरच्यास सांगावयाचें तें काय, असा त्यांचा प्रश्न आहे. दुसरें पत्र एका निवृत्त प्राध्यापकांचें. नातू स्पर्धापरीक्षेंत तीनदां अपयशी झाला, आतां खोलीचें दार लावून बसतो. त्यास कोणाकडे न्यावें, पाट्या तर दहा प्रकारच्या दिसतात. तिसरें पत्र एका सुनेचें आहे. ती दोनदां जाऊनहि आली. आतां तिच्यापुढें प्रश्न असा आहे कीं, दर गुरुवारीं दीड तास आपण कोठें जातों हें घरीं काय म्हणून सांगावें ? हें पत्र सर्वांत लहान आहे, आणि आमच्या मतें उत्तरास सर्वांत कठीण.

आधीं पाट्यांचा घोळ मिटवूं. मनोविकारतज्ज्ञ, म्हणजे ज्यास आपण इंग्रजी वळणानें सायकियाट्रिस्ट म्हणतों, तो प्रथम वैद्यकीय पदवीधर असतो आणि नंतर त्या शाखेंत एम. डी., डी. एन. बी. किंवा डी. पी. एम. झालेला असतो. औषध लिहून देण्याचा अधिकार त्याचा. मानसशास्त्रज्ञ हा डॉक्टर नव्हे. तो मानसशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यास करून चांचण्या घेण्याचें आणि संभाषणाच्या मार्गानें उपचार करण्याचें शिक्षण घेतो. त्यांतहि 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' हें बिरुद लावावयाचें तर भारतीय पुनर्वसन परिषदेच्या नोंदवहींत नांव असावें लागतें. १९९२ च्या कायद्यानें तसें ठरविलें आहे, आणि रुग्णालयांत राहून केलेला दोन वर्षांचा एम. फिल. हा त्या नोंदणीचा आजवरचा नेहमींचा मार्ग होता. समुपदेशक म्हणजे काउन्सेलर. या शब्दाखालीं मात्र उत्तम शिकलेल्या माणसापासून तीन महिन्यांचा वर्ग केलेल्या उत्साही गृहस्थापर्यंत सर्व प्रकार मोडतात. २०२१ च्या कायद्यानें या मंडळींसहि नोंदणीच्या कक्षेंत आणलें आहे. पण कायदा होणें आणि त्याची घडी बसणें यांत अंतर असतें. तोंवर ज्याचें त्यानें विचारून घ्यावें हें बरें. 'आपलें शिक्षण कोठें झालें, नोंदणीक्रमांक काय, अशा प्रकारच्या अडचणींत आपण पूर्वीं काम केलें आहे काय ?' हे तीन प्रश्न विचारण्यांत कसलाहि उद्धटपणा नाहीं. ज्यास ते प्रश्न टोंचतील त्याच्याकडे न गेलेलेंच बरें. पुण्यांत भाजीवाल्यास मेथी आजची कीं कालची हें विचारण्यास जे लाजत नाहींत, त्यांनीं येथें कां लाजावें, हें आम्हांस उमगत नाहीं.

येथवर हा केवळ माहितीचा भाग झाला. खरी अडचण निराळीच आहे, आणि ती एका शब्दांत सांगावयाची तर 'येरवडा' ही होय. आपल्या गांवांत लहानपणापासून आपण ऐकत आलों आहों कीं, कोणी जरा विक्षिप्त वागला कीं त्यास येरवड्यास धाडावें. तेथें तुरुंगहि आहे आणि प्रादेशिक मनोरुग्णालयहि आहे. बोलणारास बहुधा दोहोंतील भेद अभिप्रेतहि नसतो. अशा थट्टेंत वाढलेल्या पिढीस मनाचा डॉक्टर म्हटल्याबरोबर गज लावलेली खिडकी आठवली तर नवल नाहीं. परंतु त्याच येरवड्याच्या रुग्णालयांत डॉ. सुनंदा, म्हणजे अनिता, अवचट मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम करीत होत्या, आणि त्याच आवारांत १९८६ सालीं त्यांनीं व अनिल अवचटांनीं, पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांच्या साहाय्यानें, मुक्तांगण हें व्यसनमुक्ति-केंद्र उभें केलें. तेथें माणसें बंदिस्त करून ठेवण्यापेक्षां त्यांच्याशीं बोलण्यावर, त्यांच्या बायकांशीं व आयांशीं बोलण्यावर भर राहिला. सुशिक्षित मराठी घरांत 'व्यसन हा दुर्गुण नसून आजार आहे' हें वाक्य थोडेंबहुत रुजलें असेल तर त्याचें बरेंचसें श्रेय या संस्थेकडे जातें. दारूच्या बाबतींत जें आपण मान्य केलें, तें झोंप उडालेल्या, भूक मेलेल्या, कारणावांचून रडूं येणाऱ्या माणसाच्या बाबतींत मान्य करण्यास आपण कां कचरतों, याचा विचार व्हावा.

मानसशास्त्रज्ञाकडे जाणारा प्रत्येक माणूस मनोरुग्ण असतो ही समजूतहि चुकीची आहे. परीक्षेची धास्ती, वैधव्याचें दुःख, निवृत्तीनंतरचें रितेपण, भावाभावांतील तुटलेलें बोलणें, एवढ्यासाठींहि लोक जातात आणि चार-सहा भेटींत परततात. उलट, ज्यांनीं खरोखर जावें असे पुष्कळ जातच नाहींत. बंगलोरच्या निम्हान्स संस्थेनें २०१५-१६ सालीं केलेल्या राष्ट्रीय पाहणींत असें दिसून आलें कीं, प्रौढ माणसांत दर शंभरीं सुमारें साडेदहा जणांस त्या वेळीं कोणता ना कोणता मानसिक विकार होता. आणि निरनिराळ्या विकारांच्या बाबतींत शंभरापैकीं सत्तर ते ब्याण्णव लोक उपचारावांचून राहिले होते. एकत्र कुटुंबांत दहा-बारा माणसें असावयाचीं. हिशेब वाचकांनींच करावा.

'हें सर्व पाश्चात्त्यांचें खूळ आहे. आमच्याकडे मनाचा विचार समर्थांनीं करून ठेवला आहे,' असें एका वाचकांनीं बजावलें आहे. समर्थांनीं मनास केलेला उपदेश आम्ही लहानपणीं दिवेलागणीस पाठ म्हटला आहे आणि त्याचें मोल आम्हांस कोणी सांगावयास नको. पण उपदेश कळणें आणि वळणें यांच्या मधली वाट ज्यास चालवत नाहीं, त्याचा हात धरणारा कोणी लागतो. फ्रॉइडच्या हयातींतच, १९२२ सालीं, कलकत्त्यास डॉ. गिरींद्रशेखर बोस यांनीं मनोविश्लेषणाची भारतीय संस्था काढली होती, आणि आपली मतें फ्रॉइडला पत्रांतून निर्भीडपणें कळविलीं होतीं. अमेरिकेंतील अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धति मुंबईच्या कि. मो. फडके यांनीं त्यांच्याशीं अनेक वर्षें पत्रव्यवहार करून आत्मसात केली व आपल्याकडे रुजविली. प्रसंग आपणांस छळीत नाहीं, प्रसंगाविषयींचा आपला हट्ट छळतो, असा त्या पद्धतीचा स्थूल आशय आहे. गीतेची पोथी ज्या घरांत उघडली जाते तेथें तो परका वाटूं नये. आमच्या पुण्यांतील ज्ञान प्रबोधिनी १९६२ सालीं निघाली ती मानसशास्त्राच्या अभ्यासकानेंच काढली. आप्पा पेंडसे यांचा तो विषय होता, आणि प्रबोधिनीच्या प्रज्ञा मानस संशोधिकेंत मुलांच्या बुद्धीच्या चांचण्या करवून घेणारे पालक पिढ्यान् पिढ्या जात आले आहेत. मुलाची बुद्धि मोजून घेण्यास आपण हौसेनें जातों. त्याच मुलाचें मन दुखतें म्हटल्यावर मात्र घरांत कुजबूज सुरू होते.

आतां पहिल्या भेटींत होतें काय ? आमच्या वाचकभगिनींची समजूत अशी दिसते कीं, तेथें एक लांब कोच असतो, त्यावर निजवितात आणि मनांतलें सर्व काढून घेतात. तसें कांहीं नाहीं. दोन खुर्च्या, एक टेबल, पाण्याचा तांब्या नाहींतर बाटली, आणि बहुधा कागदी रुमालांचा एक डबा. भेट पाऊण तासाची ते तासाची असते. पहिल्या भेटींत बोलणें बहुतेक माहितीचेंच : अडचण काय, केव्हांपासून, झोंप-भूक कशी, पूर्वीं कांहीं आजार, घरांत कोणास असें झालें होतें काय, चालू औषधें कोणतीं, कधीं जीव नकोसा वाटला काय. हा शेवटचा प्रश्न ऐकून पुष्कळजण दचकतात व 'नसतें खूळ डोक्यांत भरवितात' म्हणून रागावतात. तसें होत नाहीं. सरळ विचारल्यानें तो विचार उत्पन्न होत नाहीं. असलाच तर बोलतां येतो, आणि बोलतां आल्यानें भार हलका होतो. जें सांगावेंसें वाटत नाहीं तें पहिल्या दिवशीं सांगितलेंच पाहिजे असा नियम नाहीं. 'याविषयीं मागाहून बोलेन' असें म्हणण्याची पूर्ण मुभा असते. भाषेचाहि संकोच नको. इंग्रजींतून दुःख सांगणें पुष्कळांस सोपें जातें, कारण तें परक्याचें वाटतें. पण रडूं मात्र मायबोलींतच येतें. भेट ठरवितांनाच 'मराठींत बोलतां येईल ना ?' एवढें विचारून घ्यावें.

एक अपेक्षा मात्र घरूनच ठेवून जावी : तेथें सल्ला मिळेलच असें नाहीं. आपली संवय अशी कीं, गुरुजींस विचारावें, डॉक्टरांस विचारावें, आणि त्यांनीं 'असें करा' म्हणावें. मानसशास्त्रज्ञ उलट आपणांसच विचारतो, आणि बाहेर येऊन माणूस म्हणतो, 'पैसे दिले आम्हीं आणि उत्तरेंहि आम्हींच दिलीं !' ही तक्रार अगदींच अस्थानीं नाहीं. जसवंतसिंग नेकी या मनोविकारतज्ज्ञानें, जे पंजाबींतील नामवंत कवीहि होते, १९७३ सालीं असें मांडलें कीं, भारतीय माणसाशीं काम करतांना गुरु-शिष्याचें नातें हा अधिक सोयीचा नमुना ठरूं शकेल. चांगले मानसशास्त्रज्ञ हा पेंच ओळखून असतात, आरंभीं थोडा हात देतात आणि हळूहळू काढून घेतात. परंतु जो पहिल्याच भेटींत 'नवऱ्यास सोडा', 'सासूपासून वेगळें निघा' असे हुकूम सोडतो, त्याच्या शिक्षणाविषयीं आम्ही शंका घेऊं.

आणि आतां तो प्रश्न, जो सासूबाईंनीं एका बाजूनें विचारला आणि सुनेनें दुसऱ्या बाजूनें. आंत काय बोलणें झालें हें घरच्या वडील माणसांस कळण्याचा हक्क आहे कीं नाहीं ?

नाहीं. याहून मृदु शब्दांत सांगण्याचा आम्हीं प्रयत्न करून पाहिला, पण अर्थ बदलत नाहीं. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून अंमलांत आहे. त्याच्या २३ व्या कलमानें उपचार घेणाऱ्यास आपली माहिती गुप्त राहण्याचा हक्क दिला आहे. कायद्याच्या आधींहि त्या व्यवसायाची शिस्त तीच होती. अपवाद मोजके आहेत : स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवास धोका दिसला तर, न्यायालयानें मागितलें तर, आणि अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचें कळलें तर, कारण २०१२ च्या पॉक्सो कायद्यानें ती माहिती पोलिसांस देणें प्रत्येकावर बंधनकारक आहे. अज्ञान मुलांच्या बाबतींत पालकांची संमति लागते आणि त्यांस स्थूल कल्पना दिली जाते. पण तेथेंहि शहाणा मानसशास्त्रज्ञ मुलगा काय बोलला तें शब्दशः सांगत नाहीं. फी आजोबांनीं भरली म्हणून वृत्तान्त आजोबांस मिळत नाहीं, हें आमच्या प्राध्यापकमहाशयांनीं आधींच ध्यानांत घेतलेलें बरें.

एकत्र कुटुंबांत वाढलेल्यास हें खटकतें, आणि कां खटकतें तेंहि आम्ही जाणतों. आपल्या घरांतून पत्रेंसुद्धां मोठ्यानें वाचलीं जात. कोणाचा पगार किती, कोणास कोणतें औषध, कोण कोणावर रुसलें, हें सर्व माजघरांत सर्वांस ठाऊक. त्यांत जिव्हाळा होता आणि आधारहि होता. मन मोकळें करावयास आत्या होती, माहेरीं आई होती, आणि विहिरीवर शेजारीण होती. पण त्या व्यवस्थेंत एक उणीव होती, जी बोलून दाखविण्याची चाल नव्हती : ज्या माणसाविषयीं बोलावयाचें तोच माणूस, किंवा त्याची बहीण, समोर बसलेली असे. सुनेनें सासूविषयींचें दुःख नणंदेस कसें सांगावें ? मुलानें वडिलांची भीति वडिलांच्याच भावास कशी सांगावी ? सांगितलें तर संध्याकाळपर्यंत तें घरभर होई, आणि न सांगितलें तर पोटांत राही. अशीं पोटांत राहिलेलीं दुःखें पुढें कधीं डोकेदुखी होत, कधीं अंगांत येणें होत, आणि मग नरसोबाच्या वाडीस नाहींतर गाणगापुरास जाण्याची तयारी सुरू होई. वाडीस जाऊं नये असें आम्ही म्हणत नाहीं. नदीकांठच्या त्या घाटावर मनास जी शांति लाभते तिचा अनुभव आम्हांसहि आहे. मात्र दर्शनास जाण्यासाठीं औषध बंद करूं नये, आणि 'बाधा' म्हणून माणसास बांधून किंवा मारून घेऊं नये, एवढें निक्षून सांगतों.

बंद दाराआड बोलणें झालें म्हणजे घर वगळलें गेलें असें मात्र मानूं नये. अमृतसरच्या मनोरुग्णालयाचे डॉ. विद्यासागर यांनीं १९५० नंतरच्या दशकांत एक साधी गोष्ट केली. रुग्णाबरोबर आलेल्या नातेवाइकांस त्यांनीं परत पाठविलें नाहीं. रुग्णालयाच्या आवारांत तंबू ठोकून तेथेंच ठेवून घेतलें. रुग्ण लवकर बरे होऊं लागले, घरीं नेण्यास नातेवाईकहि कचरेनासे झाले, आणि आजार म्हणजे काय हें ते शिकून गेले. पाश्चात्त्य देशांत माणूस एकटा येतो, आपल्याकडे घर घेऊन येतो; आणि तें घर नीट वागलें तर औषधाइतकें उपयोगी पडतें. मूळचे धुळ्याचे व कॅनडांत प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांची पत्नी छिन्नमनस्कतेनें आजारी होती. स्वतःच्या संसारांत जें सोसलें त्यांतून त्यांनीं १९९७ सालीं पुण्यांत या आजाराविषयीं जागृति करणारी संस्था काढली, शुभार्थी आणि शुभंकर, म्हणजे रुग्ण आणि त्यांस सांभाळणारे, यांच्या बैठका सुरू झाल्या, आणि 'देवराई' हा चित्रपट त्यांच्याच पुढाकारानें २००४ सालीं आला. ज्यांनीं तो पाहिला नसेल त्यांनीं घरांतील सर्वांनीं मिळून पाहावा. सांभाळणारा माणूसहि दमतो, त्यासहि कोणी विचारावें लागतें, ही गोष्ट व्याख्यानांपेक्षां त्यांत अधिक कळते.

घरच्यांनीं करावयाचें काम थोडें आहे आणि अवघड आहे. माणूस भेटीहून परतला कीं 'काय विचारलें, तूं काय सांगितलेंस, आमच्याविषयीं कांहीं बोललीस काय ?' हें विचारूं नये. 'चहा घेतेस ना ?' एवढें पुरे.

खर्चाविषयीं थोडक्यांत. पुण्यांत खासगी भेटीची फी सामान्यतः हजार-बाराशें रुपयांपासून दोन-अडीच हजारांपर्यंत असते, कांहीं ठिकाणीं त्याहूनहि अधिक. आरंभीं आठवड्यास एक, पुढें पंधरवड्यास एक, असा क्रम असतो. विचारांवर काम करणाऱ्या पद्धतीनें साध्या नैराश्यास व चिंतेस बारा ते वीस भेटी पुष्कळदां पुरतात. हिशेब केल्यास ही रक्कम लहान नाहीं, आणि मध्यमवर्गीय घरास जड जाते हें आम्ही नाकारीत नाहीं. विम्याच्या कंपन्यांनीं मानसिक आजारास शारीरिक आजारासारखेंच लेखावें असें कायदा सांगतो. पण बहुतेक विमे रुग्णालयांत दाखल झाल्यावरच लागू होत असल्यानें या भेटींचा खर्च सहसा मिळत नाहीं. आपल्या विम्याचे कागद वाचून पाहावे. फी झेपत नसेल तर सवलत मागावी. पुष्कळजण ती देतात. ससून रुग्णालयांत मनोविकार-विभाग आहे, आणि त्याच आवारांत महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था आहे. तेथें गर्दी असते, पण खर्च नाममात्र. शासनाची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, मोफत आणि मराठींतून मिळते. ती ऑक्टोबर २०२२ पासून आहे, आणि तिचा क्रमांक देवघराशेजारच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवण्यास हरकत नाहीं.

'औषधांची संवय लागते काय ?' हा प्रश्न प्रत्येक पत्रांत आहे. नैराश्यावरील नेहमींच्या औषधांची दारूसारखी चटक लागत नाहीं. मात्र तीं एकाएकीं थांबविल्यास त्रास होतो, म्हणून डॉक्टरांच्या सांगण्यानें हळूहळू कमी करावयाचीं असतात. झोंपेच्या कांहीं गोळ्यांची संवय खरोखरच लागते; त्या शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर घेऊं नयेत. आणि मानसशास्त्रज्ञाकडे जाणाऱ्या प्रत्येकास औषध लागतेंच असें नाहीं, हें वर आलेंच आहे.

लग्नाचा प्रश्न राहिला. 'मुलगी अशा ठिकाणीं जाते हें कळलें तर स्थळें कशीं येतील ?' असें एक आई विचारते. तिच्या भीतीस आम्ही हंसणार नाहीं. पत्रिका, गोत्र, नाडी सर्व पाहून झाल्यावर 'घरांत कोणास वेडाची खोड नाहीं ना ?' असें हळूच विचारणारीं माणसें अजून आहेत. पण उपचार टाळल्यानें आजार टळत नाहीं, फक्त तो लग्नानंतर दुसऱ्याच्या घरीं उघडकीस येतो, आणि त्या वेळीं मुलीच्या बाजूनें बोलणारें कोणी उरत नाहीं. गंभीर आजार असेल तर ज्याच्याशीं संसार करावयाचा त्यास मुलीनें स्वतः, योग्य वेळीं, सांगावें. परीक्षेच्या वर्षीं सहा भेटी घेतल्या होत्या एवढें तर सांगण्याचीहि गरज नाहीं. आजच्या मुलांमुलींस या गोष्टीचें आपल्यापेक्षां कमी वावडें आहे, असें आमचें निरीक्षण आहे.

आतां तीन पत्रांस उत्तरें. प्राध्यापकमहाशयांस : नातू वीस वर्षांच्या वरचा आहे, त्यास 'नेणें' शक्य नाहीं, त्यानें जावयास हवें. दारावर थाप मारून 'तुला उपचाराची गरज आहे' असें सांगण्यापेक्षां, आपण स्वतः एकदां मानसशास्त्रज्ञाची भेट घ्यावी आणि घरच्यांनीं कसें वागावें हें विचारून यावें. तशी भेट मिळते. आजोबा स्वतः जाऊन आले हें कळल्यावर नातवाचें दार थोडें किलकिलें होईल असा आमचा अंदाज आहे. परीक्षेचा विषय मात्र तूर्त जेवणाच्या पानावरून उठवावा. 'आतां संपलें सगळें' असें तो बोलूं लागला, वस्तू वांटूं लागला, निरोपाचें कांहीं लिहूं लागला, तर मात्र वाट न पाहतां त्याच दिवशीं मनोविकारतज्ज्ञाकडे न्यावें आणि त्यास एकटा सोडूं नये. लोकापवादाचें भय बाळगूं नये. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखालीं होता असेंच गृहीत धरावें व त्यास शिक्षा न करतां मदत करावी, असें २०१७ च्या कायद्याचें ११५ वें कलम सांगतें.

गुरुवारीं जाणाऱ्या सुनेस : खोटें सांगूं नये, पण सर्व सांगण्याचीहि जबाबदारी आपणांवर नाहीं. 'झोंप लागत नाहीं, त्यासाठीं एका तज्ज्ञांकडे जातें. कांहीं आठवडे लागतील,' हें खरें आहे आणि पुरेसें आहे. प्रथम यजमानांस सांगावें. त्यांना सांगणेंहि अवघड असेल, तर पुढल्या भेटींत तोच विषय काढावा. घरीं ऐकूं न येतां बोलण्याची जागा नसल्यानें दूरचित्रभेटीची सोय आपणांस उपयोगाची नाहीं, हें आपलें म्हणणें अगदीं बरोबर आहे. कानांत यंत्र घालून गच्चीवर बसण्यापेक्षां रिक्षाचे पैसे गेलेले पुरवले.

सासूबाईंस : बाळंतपणानंतर पहिले आठ-पंधरा दिवस रडूं येणें पुष्कळ बायकांत होतें व आपोआप ओसरतें. अडीच महिन्यांनींहि तें टिकून आहे, झोंप नाहीं, आणि स्वतःस वाईट आई म्हणणें चालू आहे, हें साधें रडूं नव्हे. त्यास प्रसूतिपश्चात् नैराश्य म्हणतात, आणि तें बरें होतें. त्यांत तिचा दोष नाहीं आणि आपलाहि नाहीं. प्रथम नेहमींच्या डॉक्टरांकडून रक्त आणि थायरॉइड तपासून घ्यावें, कारण तेथेंहि असें दिसूं शकतें. नंतर मुलगा म्हणतो तसें मानसशास्त्रज्ञाकडे जावें. औषधाची गरज ठरलीच तर मनोविकारतज्ज्ञांस 'ती अंगावर पाजते' हें आवर्जून सांगावें. पाजत असतांहि देतां येण्याजोगीं औषधें आहेत. ती असंबद्ध बोलूं लागली, आवाज ऐकूं येतात म्हणूं लागली, किंवा बाळास कांहीं होईल, आपणच कांहीं करूं, असें म्हणाली, तर मात्र तासाचाहि विलंब न करतां रुग्णालय गांठावें. रात्रींचें एक पाजणें वरच्या दुधावर किंवा काढून ठेवलेल्या दुधावर निभावून तिला सलग चार-पांच तास निजूं द्यावें. एवढी सोय दहा माणसांच्या घरास अवघड नाहीं. आणि 'तुला कशाची उणीव आहे ?' हें वाक्य घरांतून कांहीं काळ काढून टाकावें.

पहिल्या भेटीस बाळास घरीं ठेवावें कीं बरोबर न्यावें, असा त्यांचा शेवटचा प्रश्न आहे. बरोबर न्यावें; भेट ठरवितांना तसें कळवून ठेवावें, म्हणजे वेळ बाळाच्या झोंपेची मिळते. मुलास कचेरी असेल तर सासूबाईंनीं स्वतः जावें. आंत सुनेनें बसावें, आणि बाहेरच्या बांकावर बाळास मांडीवर घेऊन त्यांनीं.